बाईंच्या जागी मी कोबे पाहिलं

काल डहाणू स्टेशनबाहेर रिक्षासाठी उभी होते. समोरच्या ट्रॅव्हलवाल्याच्या नव्या बोर्डावर लिहिलं होतं, जपानची क्रूझ, बंदरावर उतरल्यावर खास तुमच्यासाठी गाडी आणि गाइड… रिक्षा आली, ती मी जाऊ दिली.

अशी सहल मी केलेली आहे. खोटं वाटेल, पण आशागडच्या मजुराच्या पोरीने सन चौसष्टच्या सुमारास जपानातलं कोबे शहर गाइड घेऊन पाहिलंय. आजवर कोणाला धड सांगितलं नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

डहाणूला एका इराणी बाईंची चिकूची वाडी होती. वडील वाडीत कामाला आणि मी बाराव्या वर्षापासून बाईंच्या घरात. लिहायला-वाचायला मला त्यांनीच शिकवलं. हाक मारायच्या ती "दीकरी", म्हणजे लेक.

बाईंचा एकुलता एक मुलगा सोली एका पेढीच्या कामाने कोबेला गेला आणि तिकडेच न्यूमोनियाने गेला. पारशांसारखंच त्यांच्यातही माणसाला मातीत पुरत नाहीत. तिथे दुसरी सोय नव्हती म्हणून पुरलं, आणि हे बाईंच्या काळजाला लागून राहिलं होतं. एकदा त्याच्यापाशी बसून प्रार्थना म्हणायची, एवढ्यासाठी त्यांनी बोटीचं तिकीट काढलं. गुडघे साथ देत नव्हते म्हणून सोबतीला मी.

कोबेला बोट लागली त्या सकाळी बाईंना सणकून ताप. डॉक्टरांनी उतरायला साफ मनाई केली. गाडी आणि गाइड तर आधीच ठरलेली… बाई म्हणाल्या, तू जा, त्याला बघून ये आणि मला सगळं सांग. कबरस्तानाचं नाव लिहिलेला कागद आणि तिथे ठेवायला चंदनाचा तुकडा माझ्या हातात दिला.

खाली गाइडबाई उभी होती. पांढरे हातमोजे, कमरेत वाकून नमस्कार, आणि मला "मॅडम" म्हणत तिने गाडीचं दार उघडलं. जन्मात माझ्यासाठी कोणी दार उघडलं नव्हतं हो… मी आपली ऐटीत बसले. मी घरकाम करणारी आहे हे काही सांगितलं नाही.

कागद बघून तिने विचारलं, आधी इथे जायचं की नंतर? बाईंच्या घरात राहून एवढं इंग्रजी मला कळत होतं. मी म्हटलं, "लेटर."

त्या एका शब्दाने घात केला. तारेवरून डोंगरावर नेणारा पाळणा पाहिला, देऊळ पाहिलं, मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावर तर चारदा वर-खाली केलं. गाइडबाई मधूनमधून घड्याळ दाखवायची आणि मी मान हलवून पुढे. कशासाठी पाठवलंय याचं भानच राहिलं नाही मला.

कबरस्तानाशी पोचलो तेव्हा फाटक बंद. गाइडबाईने आतल्या माणसाची किती विनवणी केली, पण छे. ती बिचारी माझीच माफी मागत राहिली. मग म्हणाली, बोट उद्या दुपारी सुटणार, मी सकाळी नऊला पुन्हा येते. मी नको म्हटलं. सकाळी परत जायचं तर बाईंना कारण सांगावं लागलं असतं ना…

चंदनाचा तुकडा धक्क्यावरून पाण्यात सोडला. वर जाऊन बाईंना सांगितलं, पाहिलं सगळं, जागा स्वच्छ आहे, चंदन ठेवलं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि डोळ्यांना लावले. ते आठवलं की अजून माझी मलाच किळस येते.

सकाळी ताप उतरला. बाई केस विंचरून तयार… म्हणाल्या, दुपारपर्यंत वेळ आहे, मी स्वतः पाच मिनिटं जाऊन येऊ का? गाडी थेट फाटकाशी जाते हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, बाई, खूप पायऱ्या आहेत, तुम्हाला नाही झेपायचं. बाई खुर्चीत बसून राहिल्या आणि बोट सुटली.

किनारा दिसेनासा झाल्यावर त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. दगड कसला आहे, ऊन फार लागतं का, जवळ कुठलं झाड आहे का. मी धडाधड उत्तरं देत होते आणि तोंडातून निघून गेलं, चिकूचं झाड आहे.

सगळं आयुष्य चिकूत गेलेल्या बाईला मी जपानच्या थंडीत चिकूचं झाड सांगितलं! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे बघत एवढंच म्हणाल्या, "तर मग सावली असेल तेच्यावर." शाल मागितली आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर बाई सहा वर्षं जगल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, माझं लग्नही त्यांनीच लावून दिलं. पण पाहुणे आले आणि सोलीचा विषय निघाला, की माझ्यासमोर सांगायच्या, "माझ्या सोलीच्या डोक्यावर चिकूचं झाड हाय. आमच्या सुमनने आपल्या डोळ्यांनी पाहिलंय." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायचे.

ती मला शिक्षा होती, की माझा अपराध त्यांनी पोटात घातला होता, ते आजही कळत नाही. खरं सांगायला सहा वर्षं मिळाली मला, रोज सकाळी त्यांच्याच खोलीत जात होते… तोंड उघडलं नाही. आता ऐकायला त्या नाहीत, तर लिहितेय. बाई, मी फाटकाच्या आत गेलेच नव्हते.