लाग्राइन आणि भाजलेलं खोबरं

चंद्रहास तुळसकर स्वतः कधी पीत नसे. तरी अबुधाबीच्या कॉर्निशवरच्या, समुद्रकाठच्या त्या हॉटेलात कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन द्यायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. घोट तोंडात घोळवायचा, थुंकून टाकायचा, की झालं. वेंगुर्ल्याला सासूबाईंना मात्र त्याच्या बायकोने, सविताने, "हे रेस्टॉरंटात कॅप्टन आहेत" एवढंच सांगून ठेवलं होतं.

त्याचं नाक हेरलं शेफ योहानने. योहान उत्तर इटलीतल्या आल्प्सच्या एका खोऱ्यातला. तिकडची लाग्राइन नावाची लाल वाइन त्याने हॉटेलात आणवली होती. रंगाने जवळजवळ काळी, चवीला आंबटसर, शेवटी जिभेवर किंचित कडवट. त्याच्या गावात ती हरणाच्या मटणाबरोबर, रानातल्या अळंब्यांबरोबर, जुन्या कडक चीजबरोबर घेतात. चंद्रहासने ग्लास हुंगला आणि म्हणाला, "शेफ, धिस वन विथ रोस्टेड कोकोनट."

योहान हसला. दुसऱ्या दिवशी चंद्रहास डब्यात सविताचं मटण घेऊन गेला. खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजलेलं वाटप, वर थोडं कोकमाचं आगळ. योहानने उभ्या उभ्या डबा रिकामा केला. महिन्याभरात ते मटण लाग्राइनसकट हॉटेलच्या मेनूवर आलं. ही सत्त्याण्णवची गोष्ट.

पुढच्या वर्षी मुसफ्फाच्या औद्योगिक भागातून परतताना कंपनीच्या व्हॅनने करकचून ब्रेक मारला आणि चंद्रहासचं डोकं पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. चार टाके पडले, आठवड्याची सुट्टी मिळाली. घरी एका सकाळी तो पेपर वाचत बसला होता आणि शेजारी गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं. सविता बेडरूममधून धावत आली. "अहो, इतका वास सुटलाय, तुम्हाला कळलं नाही?"

त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याने चहापत्तीच्या डब्यात नाक घातलं, मग हिंगाच्या डबीत. काही नाही.

डॉक्टर म्हणाले, वासाची नस तुटली असावी. परत येईल का? "इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

हॉटेलात त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? व्हिसा त्या नोकरीचा, मुलीची, पर्णिकाची, शाळा त्या नोकरीवर. रंग बघून, जुनं आठवून तो निभावून नेत होता. बाटली उघडली की हाताखालच्या आशाला म्हणायचा, "घे वास, सांग बघू काय वाटतं." ती समजे, सर शिकवताहेत. ती जे सांगे तेच तो टेबलावर जाऊन बोले. सात महिने गेले.

एका शुक्रवारी दुपारी एका कंपनीचे बारा पाहुणे खास ते मटण खायला आले. आशा सुट्टीवर होती. बूच खराब निघालं तर वाइन नासते, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तो ओळखणं हे बाटली उघडणाऱ्याचं पहिलं काम. चंद्रहासने दोन बाटल्या उघडल्या, बूच नाकाशी धरलं, मान हलवली आणि दोन्ही पाहुण्यांच्या ग्लासांत ओतल्या. पहिल्या पाहुण्याने ग्लास खाली ठेवला. मग दुसऱ्याने.  काय झालंय ते चंद्रहासला कळलं, पण कुठली बाटली नासली, की दोन्ही, हेसुद्धा त्याला सांगता येईना.

योहानने ग्लास हुंगला आणि त्याला किचनमध्ये नेलं. "यू डिड नॉट स्मेल धिस?"

"आय कॅनॉट, शेफ. सिन्स द अ‍ॅक्सिडेंट."

योहान ओरडला नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅनेजरशी दोनदा भांडलाही, पण उपयोग झाला नाही. चंद्रहासला टेबलक्लॉथ आणि युनिफॉर्मच्या स्टोअरमध्ये बसवलं. नोकरी राहिली. मटण मेनूवर राहिलं. योहान दोन हजार एकमध्ये मायदेशी गेला.

सविता अजून शुक्रवारी तेच मटण करते. वास नसल्याने चवीतलं मीठ, आंबट, तिखट एवढंच त्याला कळतं. परवा चौदा वर्षांची पर्णिका म्हणाली, "बाबा, व्हाय डू यू ईट सो फास्ट? नोबडी इज टेकिंग इट."

त्याने हात थांबवला, तिच्याकडे बघून घास सावकाश चावायचा प्रयत्न केला. तोंडात काहीतरी गरम, मऊ होतं. सविताने विचारलं, "वाढू?"

"वाढ," तो म्हणाला.