मुलांच्या शाळेत रेश्मा

सुरगाण्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली होती आणि बा माझ्याकडे न बघता ड्रायव्हरशी बोलत होता. पोरगा लहान हाय, वणीला उतरू देऊ नका, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. माझ्याबरोबर आमच्याच पाड्यांवरची आणखी चार पोरं होती आणि आम्हाला नाशिकच्या शाळेत न्यायला आलेले फादर. गाडी हलली तसा बा खिडकीपाशी आला. "पळून येऊ नको," तो म्हणाला. "आलास तर मी मारणार नाय. पण नको येऊ." त्याच्यामागे माझी मोठी बहीण काशीताई उभी होती.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडून नाशकात, पुण्यात नाहीतर त्याहून लांब राहिलेल्यांनो, हे तुम्हाला सांगायचं कारण रेश्मा. काशीताईची मुलगी. या पावसाळ्यात तिच्यामुळे माझी झोप उडाली.

त्याआधी शाळेबद्दल थोडं. जेझुइट फादरांनी ती काढली ती साहेबलोकांच्या मुलांसाठी. पुढे ती नाशकातल्या वकील-डॉक्टरांच्या मुलांची झाली. मग एका फादरांना वाटलं की डोंगराकडची मुलंही इथं शिकून कॉलेजात जायला हवीत, आणि आमच्यासाठी वसतिगृह निघालं. घंटा, रांगा, फुटबॉल, भिंतीवरचं कुणालाच वाचता न येणारं लॅटिन वाक्य, सगळं तसंच राहिलं. मुलं तेवढी बदलत गेली. आता मी तिथेच इतिहास शिकवतो, म्हणून शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिताना एक वाक्य सारखं येत होतं: मुलांची शाळा. दर वेळी मला काशीताई आठवायची.

फादर आमच्या आश्रमशाळेत मुलं निवडायला आले, तेव्हा त्यांनी फळ्यावर गणितं घातली होती. सगळ्यात आधी काशीताईची सुटली. फादरांनी तिची पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली, परत दिली आणि म्हणाले, "मुलींसाठी आमच्याकडे सोय नाही, बाळ." मी निघालो. तीही निघाली, पण दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर, मुकादमाच्या टेम्पोतून. दर वर्षी ती जायची आणि परत यायची. माझं जाणं सगळ्यांनी कौतुकानं सांगितलं. तिचं जाणं कुणाला जाणं वाटलंच नाही.

यंदा शाळेनं अकरावीला मुली घ्यायचं ठरवलं. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत आवाज चढले. "मग आपली शाळा आपली राहील का?" माझ्याच वर्गातला एक जण म्हणाला. मी उठून मुलींच्या बाजूनं बोललो. माझी भाची येणार आहे, हेही सांगून बसलो.

रेश्मा आमच्याकडे सातपूरला राहायला आली. सायन्सच्या वर्गात दोनच मुली. सकाळी माझ्यामागे स्कूटरवर बसायची, शाळेत उतरली की मान खाली घालून वर्गात. घरी काही विचारलं की "हो मामा." जेवलीस का, हो. समजतं का, हो. माझी बायको म्हणायची, रुळेल हळूहळू. पण मी त्या शाळेत रुळलेलो माणूस आहे. रुळताना काय काय गिळावं लागतं ते मला माहीत होतं.

आणि एक दिवस मधल्या सुट्टीत तिचे वर्गशिक्षक स्टाफरूममध्ये आले. "सर, तुमची रेश्मा आज बरी नाही का?"

सकाळी मीच तिला गेटच्या आत सोडलं होतं.

लायब्ररी, लॅब, चॅपल, मैदान, सगळं पाहिलं. वॉचमन म्हणाला, एक मुलगी दप्तर घेऊन बाहेर गेली खरी. मी स्कूटर काढली. सीबीएस स्टँडवर सुरगाण्याची गाडी कधीच सुटून गेली होती. कंट्रोलरला विचारलं, फलाटावरच्या बायकांना विचारलं. ताईचा फोन लागत नव्हता, पाड्यावर रेंज नसते. लागला असता तर काय सांगणार होतो? तुझी पोर माझ्याकडे होती, आता नाही? गोदावरीच्या पुलावरून जाताना मी खाली बघायचं टाळलं, एवढं सांगतो.

ऊन कलल्यावर ताईचाच फोन आला, टेकडीवर चढून केलेला. "पोर इथं हाय. घोर करू नको."

रविवारी मी गावी गेलो. रेश्मा अंगणात नागलीचं पीठ चाळत बसली होती.

"कुणी काही बोललं का तुला?" मी विचारलं.

"नाय मामा. कोणी काय बोललं नाय. कोणी बोलतच नाय." ती चाळणी हलवत राहिली. "पोरं बाजूला सरकतात. ती दुसरी इंग्लिशमधीच बोलते. दिवसभर माझा आवाजच निघत नाय."

मी माझं सांगायला लागलो. आम्हीही असेच होतो, मलाही हसायचे. तिनं मधेच तोडलं. "तुमच्यासंगं चार जण होते ना?"

मी तिच्याजवळ खाली बसलो. मग तिनं हळूच विचारलं, "मी नाय आले तर शाळेत तुमची लाज जाईल?"

"जाईल," मी म्हणालो. "पण ते माझं मी बघीन. तू त्यासाठी येऊ नको."

काशीताई चुलीपाशी होती. तिनं भाकरी उलटली. "मी येते तिच्यासंगं," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत राहते. मग बागांचं काम सुरू व्हतं."

"ताई, तुझं इथलं?"

"भात लावून झालाय. तिचा बाप हाय ना. बघंल."

रेश्मानं चाळणी खाली ठेवली. "मी येईन," ती म्हणाली. "पण नाय जमलं तर पुन्हा पळणार नाय. सांगून येईन."

आम्ही तिघं एकाच गाडीनं आलो. आता सातपूरच्या दोन खोल्यांत संध्याकाळी आमची डोंगराकडची बोली चालते. बायको त्या बोलीला हसते आणि चार शब्द शिकतेही. बा गेल्यापासून मी ती तोंडात आणली नव्हती. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी सुरगाणा घर आणि सातपूर पत्ता म्हणायचो. हल्ली घाईत सातपूरलाच घर म्हणून जातो. काळजी मात्र गेलेली नाही. तास चालू असताना फोन थरथरला की अजून शिकवणं अर्ध्यावर सोडून आधी तो बघतो.

परवा शाळा सुटल्यावर मी स्टाफरूमच्या खिडकीत होतो. रेश्मा त्या दुसऱ्या मुलीबरोबर प्रॅक्टिकलचं जर्नल उघडून पायऱ्यांवर बसली होती. कशावरून तरी वाद चालला होता. रेश्माचा आवाज वरपर्यंत येत होता, "तसं नाय, अगं, तू चुकीचं लिवलंस."

त्या दिवशी मी तिच्यासाठी थांबलो नाही. बसनं येईल म्हणून एकटाच घरी आलो. मला एकट्याला बघून ताई दारातच उठून उभी राहिली.

"पोर कुठं हाय?"

"शाळेत. भांडतेय मैत्रिणीशी."

ताई परत खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भांडू दे."