सिद्धता जोडली, पुस्तक नाही

आमच्या रत्नपाल सरांना सारं कुडवा गाव मानतं. मी त्यांची बायको, अल्का. मीपण मानते. पण यंदाच्या उन्हाळ्यापासून मला त्यांचा जो राग येऊन राहिला, तो काही केल्या उतरत नाही.

सरांनी तीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. पुस्तकात बघून शिकवणं म्हणजे यांना कमीपणा. पोरांना सरळ मुर्री गावच्या धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात नेणार अन् कडेच्या बांधावर, धुऱ्यावर उभं करणार. "धुरा सोडा. आता धुऱ्याच्या सर्वात जवळची बांधीतली जागा दाखवा." कोणी बोट टेकवलं की म्हणणार, "बोट अन् धुरा, यांच्या मधात पाह्य. जागा हाये का नाही?" असायचीच. मग त्याच्याही मधात. "तसंच शून्य अन् एकच्या मधात. दोन्ही टोकं सोडली तं सर्वात लहान संख्या नसतेच गा! कोणतीही सांग, तिचं अर्धं तिच्याहून लहान."

शेजारच्या देवकाबाईची रेणू हे घोकून नाही, समजून शिकली. बाप नाही, आई मजुरीला जाते. सरकारी भरतीची तिची ही शेवटची परीक्षा होती, पुढच्या वर्षी वय निघून जाणार. पेपरात नेमका हाच प्रश्न आला. रेणूनं 'यापैकी एकही नाही' हा पर्याय निवडला. उत्तरसूचीत छापून आलं, ०.००१. अन् पोरगी एका मार्कानं खाली राहिली!

हरकत घ्यायला तीन दिवस होते. अर्ज सरांनीच भरला. त्यात साफ लिहिलं होतं, संदर्भ पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडावी. मी म्हटलं, "अहो, कपाटातलं पुस्तक काढा, मी चौकातून झेरॉक्स करून आणते."

"कायले? ०.००१ चं अर्धं ०.०००५. तेही शून्याहून मोठंच. झालं सिद्ध. सिद्ध झालेल्या गोष्टीले पुस्तकाची साक्ष लागते का?"

मोत्यासारख्या अक्षरात तीन ओळींची सिद्धता लिहिली अन् तेवढीच पाठवली. मी झेरॉक्सचा हट्ट सोडला. माझंही चुकलंच.

महिन्यानं उत्तर आलं. संदर्भ जोडला नसल्यानं हरकत अमान्य. सिद्धता कोणी वाचलीपण नसेल, मेल्यांनी! सरांनी मग पत्रं लिहिली, दोनदा नागपूरला जाऊन आले. तोवर निवड यादी लागून गेली होती.

मागच्या आठवड्यात रेणू वह्या परत द्यायला आली. आता ती आईसोबत धानाच्या रोवण्याला, रोपं लावायला जाते, पायांना चिखल्या झाल्या आहेत. चहा नको म्हणाली. उभ्यानंच विचारलं, "सर, हे पुस्तकात कुठं देलं आहे का?"

सरांनी कपाट उघडलं. पुस्तक वरच्याच फळीवर होतं. पान लगेच सापडलं. तोच प्रश्न, तेच उत्तर, खाली तीच सिद्धता. सरांनी पुस्तक तिच्यापुढं धरलं.

रेणूनं पान नीट वाचलं. पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"घरातच होतं, सर," ती म्हणाली अन् चप्पल घालून गेली.