मागापाशी पाठ केलेला मृग

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण माझं सांगून होईपर्यंत तरी दम धरा.

मी वर्गात फारशी बोलत नाही. गेल्या वर्षी भाषणाला उभी राहिले आणि 'आदरणीय' म्हणून खाली बसले. यंदा मराठीच्या बाई म्हणाल्या, "एखाद्या शब्दाची गोष्ट सांग. पण पूर्ण सांग, एवढंच." मलाही एकदा तरी शेवटपर्यंत बोलून उतरायचं होतं.

मी 'मृग' घेतला. पूर्वी रानात हिंडणारा कुठलाही प्राणी मृग. म्हणून तर सिंह मृगराज आणि माकड शाखामृग! पुढं मराठीत त्याचं नुसतं हरीण उरलं. कन्नडमध्ये मात्र अजून सगळे जंगली प्राणी मृगच. प्राणिसंग्रहालयाला ते मृगालय म्हणतात.

आता सराव कुठं करायचा? कुणी ऐकलं तर? आमचं घर वडगावात, खाली साड्यांचे यंत्रमाग. त्या खडखडाटात शेजारच्यालाही ओरडून सांगावं लागतं आणि लांबच्याचे ओठ बघून बोलणं ओळखावं लागतं. मला हवी तशीच जागा! रोज मागापाशी उभी राहून भाषण म्हणायची.

"काय वरडालीस गं?" तुटलेला धागा जोडता जोडता आई विचारायची.

"काय न्हाय गं!"

भाषणाच्या दिवशी हॉलमध्ये इतकी शांतता! मी माइकसमोर उभी राहिले आणि रोजच्यासारखीच सुरुवात केली.

"मृग!!!"

माइक किंचाळला. पहिली रांग दचकून मागं सरली. मुख्याध्यापकांचा चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. मागून एक जण ओरडला, "व्हय गं, ऐकू आलं! पार तिकडं खानापूरलाबी ऐकू आलं!"

माझा आवाज तिथंच गेला. पण यंदा खाली बसायचं नाही, हे ठरलेलं. मग काय केलं असेल मी? पुढचं सगळं भाषण नुसत्या ओठांनी म्हटलं! मृगराज, शाखामृग, मृगालय, काही सोडलं नाही. नमस्कार केला तरी भाषण संपलंय हे कुणाला कळेना. शेवटच्या रांगेतून एकटी आई टाळ्या वाजवत होती.

"लई झकास बोललीस गं! सगळं कळलं मला."

बाई म्हणाल्या, "प्रात्यक्षिकच दाखवलंस की! सुरुवातीला सिंह, शेवटाला हरीण."

त्या शब्दाचा प्रवास तिथंही थांबला नाही. आमच्या शाळेत आता मृग म्हणजे मी.