आयोगातली पाहुणी

मिरज स्टेशनवर नानांनी माझ्या डब्यातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. नाव काय, गाव काय, कुठं उतरणार, दिल्लीत काय काम. समोरच्या बाकावरचा हळदीचा व्यापारी तर इतका घाबरला की न विचारता त्यानं तिकीट काढून दाखवलं. नाना पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. शेवटी आई खिडकीतून म्हणाली, "अहो, पोरगी दिल्लीला निघालीय, तुरुंगात नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण रडायचं नाही असं ठरवून आले होते.

गाडी हलली तशी नाना खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालले. "तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं," ते म्हणाले. "परतीचं दार उघडं ठेवून जायचं. आपल्या हातानं लावून घ्यायचं नाही." दादा आणि वहिनी मागं उभे होते. दादाही ते ऐकून मान हलवत होता. म्हणून तर पुढं त्याला माझा इतका राग आला.

दादा, वहिनी, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे पोटासाठी किंवा कामासाठी इकडं येऊन इकडचेच झाले, त्यांनीही वाचावं. त्यांना अर्धं तर आधीच ठाऊक असेल.

परतीचं दार म्हणजे काय, ते आधी सांगते. मी कोल्हापूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात नोकरीला होते. दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. दिल्लीला निघाले ती प्रतिनियुक्तीवर, म्हणजे उसनी. कोल्हापूरची माझी जागा माझ्याच नावावर राहणार होती. मुदत संपली की परत यायचं आणि त्याच खुर्चीवर बसायचं. याला ऑफिसात लिएन म्हणतात. नानांना तो शब्द फार आवडायचा. गल्लीत सगळ्यांना सांगायचे, "पोरीचं लिएन आहे इथं."

दिल्लीला मी ज्या आयोगात आले तो नुकताच जन्मला होता. दंगलींचा एक हिवाळा होऊन गेला होता, सीमेवरच्या राज्यांत बंदुका वर्षानुवर्षं चालू होत्या, आणि कोठडीत गेलेली माणसं परत येत नाहीत अशी ओरड देशभर होती. मग कायदा झाला आणि मानवाधिकारांसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. 'स्वतंत्र' हा शब्द कायद्यात होता. बाकी सगळं उसनं होतं. जागा दुसऱ्याची. खुर्च्यांच्या पाठीवर दुसऱ्याच मंत्रालयाचे नंबर रंगवलेले. भाड्याचं घर आणि मागून आणलेली भांडी, असा आमचा संसार. माणसंही उसनीच. "आप कहाँ से?" असं विचारलं की कुणी गावाचं नाव सांगत नसे, मूळ खात्याचं सांगे. आमचे सेक्शन ऑफिसर खन्नाजी स्वभावानं भले होते. आल्या दिवशीच त्यांनी मला चहा पाजला आणि शहाणपण शिकवलं. "मैडम, हम यहाँ मेहमान हैं. मेहमान घर के झगड़े में नहीं पड़ते."

माझं काम मराठी तक्रारी वाचून त्यांचा गोषवारा हिंदी-इंग्रजीत लिहिण्याचं. लक्ष्मीबाई नगरमध्ये सरकारी क्वार्टरमधली एक खोली मिळाली होती. वर तेलुगू कुटुंब, खाली बंगाली, शेजारी हिमाचलचे. सगळे चांगले, पण सगळ्यांशी हिंदीच. तीही माझी कोल्हापुरी हिंदी. भाजीवाला माझ्या तोंडाकडं बघतच राहायचा. मी शेपू मागायचे, त्याच्याकडं असायचा सोया. पालेभाजी तीच, पण ती जुडी घरी आणून मी तिला शेपू म्हणून हाक मारायचे. ऐकायला कोण होतं? आठ-आठ दिवस माझ्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. नाना रोज सकाळी ओसरीवर बसून खड्या आवाजात पेपर वाचायचे, आठवतंय ना? बायका नळावर भांडणं थांबवून ऐकायच्या. आईनं पाठवलेला चिवडा ज्या पेपरात गुंडाळून यायचा, तो मी रविवारी सरळ करून नानांसारखा मोठ्यानं वाचायचे. बियाण्यांच्या जाहिराती, दहाव्याच्या सूचना, सगळं. एकटेपणानं माणूस असा थोडा वेडा होतो, आणि त्याची लाज वाटत नाही.

बाकी माझ्याशी मराठीत बोलायचे ते फक्त तक्रारदार, तेही कागदावरून. माझ्या भाषेतली सगळी मायेची बोलणी मी गावी ठेवून आले होते, आणि मागोमाग टपालानं फक्त रडणं यायचं.

आता आमची चूक सांगते. ती दुसऱ्या देशातल्या आयोगानं केली असती की नाही, मला शंका आहे. आपल्याकडं कुठल्याही कचेरीत अर्ज आला की हात आपोआप लिहितो: संबंधितांकडे उचित कार्यवाहीस्तव. आयोगातले सगळेच मुरलेले कारकून, सवयी आपापल्या खात्यातून सोबत आणलेल्या. तक्रार आली की ती राज्याच्या राजधानीला, तिथून जिल्ह्याला, आणि जिल्ह्यातून खाली त्याच ठाण्यात, ज्या ठाण्याविरुद्ध ती होती. नावपत्त्यासकट, अर्जाची नक्कल जोडून. अहवाल मागवला की आपलं काम झालं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जेवायला बसताना हात धुवावेत इतकं ते सरळ होतं.

मग शरीफाबी आली.

मला रिसेप्शनवरून बोलावणं आलं. "मैडम, कोई मराठी औरत है, समझ नहीं आ रहा क्या माँग रही है." मी जवळजवळ धावत गेले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. कुणीतरी माझ्याशी मराठी बोलणार होतं! हिरवं नऊवारी, कानात चांदी, पन्नाशीची बाई. जावई बाहेर फाटकाशी बसला होता. तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं आणि मला आपल्या नळावरच्या बायकाच आठवल्या.

"बाई, माझा कागद मला परत द्या."

तिचा मुलगा दंगलीत उचलून नेलेला. ठाण्यातून तो पळून गेला असं पोलीस म्हणत होते. गावच्या गुरुजींनी तिला अर्ज लिहून दिला, तिनं अंगठा उठवला आणि दिल्लीला पाठवला. त्याचा गोषवारा मीच केला होता. नाव ऐकताच आठवलं. पुढं त्याची नक्कल नेहमीच्या वाटेनं गेली होती.

"म्या तुमास्नी लिवलं," ती म्हणाली. "आन् त्यो कागद घिऊन ठाण्याचा मानूस माझ्याच दारात आला. बाजंवर बसला. च्या मागितला. आन् माझाच कागद मला वाचून दावला, समदा. आवाज चढवला न्हाई, काय न्हाई. मंग इचारलं, कुनी लिवून दिला?"

गुरुजींनी तिच्या घरावरून जाणं सोडलं होतं. धाकट्या पोरीला शाळेत पाठवायची तिला भीती वाटत होती. टपालावर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून ती कागद परत न्यायला स्वतः आली होती, उपाशीतापाशी, दोन रात्री गाडीत बसून. मी तिला कँटीनमध्ये नेलं. राजमा-चावल तिनं चिवडत चिवडत खाल्लं. मी म्हटलं, "मावशी, कागद परत नेऊ नका. मी बघते." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तू हितली का पाव्हणी?"

प्रतिनियुक्ती तिला काय समजावणार, आणि समजावली असती तरी अर्थ एकच होता. ती म्हणाली, "पाव्हणी असशील तर दे बाई कागद. पाव्हनं जात्यात. फौजदार ऱ्हातो."

तरी तिनं कागद आमच्याकडं राहू दिला. का राहू दिला, मला कळलं नाही. बहुतेक मी तिच्यासारखी बोलत होते म्हणून.

मी टिपण लिहिलं: तक्रारदाराचं नाव आणि अर्ज ठाण्यापर्यंत जाता कामा नये, आणि चौकशीला आयोगाची स्वतःची माणसं गेली पाहिजेत. खन्नाजी म्हणाले, "अच्छा लिखा है, पर मत भेजिए." मी पाठवलं. आमचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते. त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आप ठीक कहती हैं. पर अपने लोग लाऊँ कहाँ से? सबको लौटना है. जिसे कल उसी विभाग में लौटना है, वह आज उससे सवाल कैसे पूछेगा?" थोड्या दिवसांनी परिपत्रक निघालं. ज्यांना आयोगात कायमचं यायचं असेल त्यांनी अर्ज करावा. मूळ खात्यातलं लिएन संपेल. पहिल्या आठवड्यात एकही अर्ज आला नाही.

नेमकं तेव्हाच आईला अर्धांगवायूचा झटका आला. दादा, तू तार केलीस. मी आले, राहिले, आईच्या डाव्या हाताला तेल चोळलं. निघताना तू म्हणालास, कोल्हापूरला पत्र टाक, लगेच परत घेतील. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं होतं रे. दिल्लीला परतले ती सामान बांधायलाच.

रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून शेजारच्या पाटलांकडं फोन लावला आणि नानांना बोलावून घेतलं. सांगितलं, येते आहे. ते खूश झाले. मग बोलता बोलता विचारलं, "हातातलं काम कुणाला देऊन येतेस?" पोलिसी सवय, चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी शरीफाबीचं सांगितलं. बाजेवर बसून तिचाच कागद तिला वाचून दाखवला, तेही सांगितलं.



"आमच्या ठाण्यातही असले कागद यायचे गं," ते म्हणाले. "वरनं फिरत फिरत. मग साहेब मला पाठवायचे. मी जायचो, बाजेवर बसायचो, चहा घ्यायचो आणि वाचायचो. हात उचलावाच लागायचा नाही. साहेब म्हणायचे, जमादार, तुमच्यासारखं वाचन कुणाचं नाही."

बूथच्या काचेच्या खोपट्यात मी उभी होते. बाहेर कुणीतरी टकटक करत होतं, "बहनजी, जल्दी."

"तू येऊ नकोस," नाना म्हणाले. "आईचं मी बघतो. ते लिएन का काय, तोडून टाक. दार लावून घे. आणि दादाला यातलं सांगू नकोस, त्याला माझ्या वर्दीचा अभिमान आहे."

मी अर्ज केला. पहिला माझा; नंतर तिघं-चौघं आले, आणि सगळ्यात शेवटी खन्नाजी, "चलो, मेहमानी बहुत हुई" म्हणत. ठाण्याला न कळवता आमची माणसं शरीफाबीच्या गावी गेली. मुलगा परत आला नाही. तो पळाला नव्हता, एवढं सिद्ध झालं, आणि त्याला कुठं पुरलं तेही कळलं. आयोगाला फक्त शिफारस करता येते. खटला पुढं वर्षानुवर्षं रेंगाळला. आयोगानं फार मोठं काही केलं, असं मी छाती ठोकून सांगणार नाही. पण त्यानंतर माझ्या टेबलावरचा एकही कागद नावासकट खाली गेला नाही.

आई गेली तेव्हा मी गाडीत होते. तुम्ही थांबला नाहीत, थांबता येत नव्हतं, मला कळतं. पण तेराव्याला तू चारचौघांत म्हणालास, "हिला खुर्ची प्यारी." नाना तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि मी गप्प बसले. पुढं नानाही गेले. पेपर वाचणं त्यांनी त्या रविवारनंतर बंद केलं होतं. तू म्हणायचास, डोळे गेले त्यांचे. डोळे चांगले होते रे.

आता मी गुरुग्रामला असते, विसाव्या मजल्यावर. तुझी मुलगी मानेसरला कंपनीत आहे, रविवारी येते. "आत्या, चलो ना यार, मॉलमध्ये जाऊ," म्हणते. तिला शेपू म्हटलेलं कळत नाही, सोया म्हटलं की कळतं. ती गेली की घर फार मोठं वाटतं. सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी सारखे बदलतात आणि नवा आला की मला विचारतो, "मैडम, रेज़िडेंट या गेस्ट?" मी रेज़िडेंट म्हणते. गावी आले की वहिनी पाहुण्यांचे कप काढतात. मी त्यातूनच चहा पिते. शरीफाबीनं विचारलेलं तेव्हा अडलं होतं. आता दोन्हीकडची उत्तरं मला पाठ आहेत.

गेल्या दिवाळीत तू म्हणालास, "तुला घर नकोच होतं." नानांना दिलेला शब्द मी इतकी वर्षं पाळला, आता मोडते आहे. त्यांनी मला माफ करावं, आणि तू त्यांना. दार मी लावलं, हे खरं आहे, दादा. कडी आतून नानांनी घातली. आणि ती घालताना आपले जमादार पाटलांच्या सोप्यात फोन धरून लहान मुलासारखे रडत होते. मला घर म्हटलं की अजून तोच आवाज ऐकू येतो.