जमकू साहेबासमोर बोलली

आमच्या खारोळ गावात पुंजा कोळ्याच्या अंगात माता यायची आणि त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. एरवी तो गावाचे प्रमुख हमीर मुखी यांच्या वाडीवर मोट हाकायचा. बैलांना शिव्या द्यायचा, पण त्या लाडाच्या. मुखी समोरून आले की जोडे हातात घेऊन बाजूला उभा राहायचा. नवरात्रात डमरूसारखं डाकलं वाजू लागलं की मात्र त्याचे खांदे थरथरायचे, डोळे वर जायचे आणि त्याच मुखींना तो अरेतुरे करायचा. "हमीर, बोललेला नवस कुठं गिळलास?" मुखी पागोटं उतरवून त्याच्या पाया पडायचे. थोड्या वेळानं माता उतरायची, पुंजा पाणी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडे हातात.

वेडी माणसंही गावात होती. एक म्हातारी दिवसभर वडाखाली बसून मेलेल्या दिराशी भांडायची. बायका पाण्याला जाता-येता त्या दिराची बाजू घेऊन तिला चिडवायच्या आणि वर जेवायलाही घालायच्या. पण वेड वेगळं आणि अंगात येणं वेगळं, यात कुणाचा घोटाळा होत नव्हता.

त्या साली शेजारच्या तालुक्यात देवीची साथ आली. म्हणून टोचणीचा गोरा डॉक्टर ऐन श्रावणात, चिखल तुडवत घोड्यावरून आमच्याकडे आला. आला तो नेमका शीतळा सातमला. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं, कारण शीतळामाता चुलीत लोळायला येते आणि विस्तव असला तर तिचं अंग भाजतं. मुखी हात जोडून म्हणाले, "साहेब, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या सगळी पोरं रांगेत उभी करतो." साहेबाला उद्या दुसरं गाव होतं. त्यानं चावडीच्या ओट्यावर टेबल मांडलं आणि सुई तापवायला स्पिरिटचा दिवा पेटवला.

ज्योत दिसताच बायका पोरांना कवटाळून मागं सरल्या. पुंजा साहेबाचा घोडा धरून उभा होता. त्याच्या हातातला लगाम सुटला. थरथरत तो ओट्यावर चढला, "माझं अंग जाळतोस?" असं बाईच्या आवाजात ओरडला आणि त्यानं दिवा उधळून दिला. पेटतं स्पिरिट साहेबाच्या हातावर सांडलं.

टोचणी तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी शिपाई आले. बेडी घालताना पुंजा विचारत होता, "पण मी केलं काय?" त्याला खरंच आठवत नव्हतं.

मुखींच्या डेलीत, दारापुढच्या बैठकीत, माणसं जमली. मणिशंकर वकिलांना तालुक्याहून बोलावलं होतं. ते म्हणाले, "सरकारी गोऱ्यावर हात टाकलाय. सक्तमजुरी होणार. सुटायची वाट एकच. वेडा आहे म्हणा. वेड्याला कायदा शिक्षा करत नाही."

"एवढंच ना?" मुखी खुशीत आले. "म्हणू की! वेडा म्हणायला आपल्या बापाचं काय जातंय?"

"मग घरी सोडतील?" कुणीतरी विचारलं.

"आधी वेड्यांच्या इस्पितळात ठेवतील. बरा झाला की सोडतील."

"बरा तर तो आत्ताच आहे, काका!"

सगळे हसले. मुखी म्हणाले, "अरे, आपण दर्ग्यावर नेतोच ना माणसाला? दोनचार गुरुवार काढायचे, धागा बांधायचा, परत यायचं. तसंच हे."

पुंजाची बायको जमकू दाराआड घुंगट ओढून बसली होती. सासरच्या थोरांसमोर ती कधी बोलली नव्हती. तिनं मुखींच्या बायकोच्या कानात सांगितलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ती म्हणते, मातेला वेड म्हटलं तर मातेला काय वाटेल?"

"वहू, मातेला सगळं कळतं," मुखी दाराकडं न बघता गावच्या सुनेला म्हणाले. "साहेबाला कळत नाही. ज्याला कळत नाही त्याच्यापुढं खोटं बोललं तर दोष नाही."

फिरतीवर आलेल्या न्यायाधीश साहेबाचा तंबू तळ्याकाठी पडला होता. बायकोची साक्ष वजनदार ठरेल असं वकिलांचं मत पडलं. शिरस्तेदारानं जमकूला घुंगट वर करायला लावला. मुखी चार हातांवर उभे होते. तिचं तोंड आणि तिचा आवाज ते पहिल्यांदाच बघत-ऐकत होते.

"तुझा नवरा वेडा आहे का?"

जमकू खाली बघत पुटपुटली. वकील खोकले.

"मोठ्यानं बोल, बाई."

"वेडा आहे."

पुंजाला वाटलं, बायकोनं गंमत केली. तो खो खो हसला. साहेबानं मान हलवून ते हसणंही लिहून घेतलं.

पुंजाला धाडलं ते इस्पितळ शहराबाहेर होतं. जमकू गूळ-तुपाची सुखडी बांधून अधूनमधून भेटायला जायची. आमच्या गावातलं कुणीतरी सोबत असायचं. पुढं पुढं ती एकटीच जाऊ लागली. तिथल्या बागेतही पुंजाला मोटेवरच लावलं होतं. देखरेखीवर फरामजी नावाचे पारशी गृहस्थ होते, माणूस दयाळू.

"कधी सोडणार, शेठ?"

"बाई, माझ्या हातात असतं तर आज सोडला असता. मोठे साहेब तपासायला येतात. नाव विचारतात, गाव विचारतात, सगळं बरोबर सांगतो. मग विचारतात, तुझ्या अंगात देवी येते का? हा गाढव म्हणतो, येते. साहेब म्हणतात, अजून उतरलं नाही."

"येते तर येतेच म्हणणार ना?"

"मग इथंच राहणार ना?"

दोन वर्षं अशीच गेली. शेवटी गजाआडून जमकूनं नवऱ्याला विनवलं, "एकदा नाही म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

"तू मला वेडा म्हणालीस. आता मी मातेला खोटी म्हणू?"

"मी तुम्हाला सोडवायलाच म्हणाले होते."

"सुटलो का?"

ती तिथंच खाली बसून रडली. फागणात साहेब आले तेव्हा पुंजा खाली मान घालून म्हणाला, "नाही येत. कधीच येत नव्हती." साहेब खूश झाले. आता गावच्या मुखीनं येऊन जिम्मा घेतला की माणूस मोकळा.

जमकू आनंदानं उडतच गावी आली आणि पाणवठ्यावर सगळ्यांना सांगत सुटली, काय विचारलं, हे काय म्हणाले. चैत्र लागला आणि गावात देवी निघाल्या. टोचणी झालीच नव्हती. मुखींचा नातू गेला, आणखी दोन घरांत पोरं गेली. पण टोचणीचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांना पाणवठ्यावरचं आठवलं. पुंजानं माता नाकारली, म्हणून माता कोपली.

जमकू डेलीत गेली. या खेपेला मध्ये कुणाला न घेता बोलली, "बापा, शहरात चला. तुमच्या शब्दावर अडलंय."

"त्याला या शिवेत आणायचा? माझं पोर गेलं, वहू."

"खोटं बोललं तर दोष नाही, तुम्हीच सांगितलं होतं."

"साहेबापुढं तुझा नवरा वेडा आहे म्हण, एवढंच सांगितलं होतं. मातेला खोटी म्हण असं नव्हतं सांगितलं." मुखींचा आवाज फाटला. "जा तू. आणि घुंगट ओढ."

तिनं इस्पितळात जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. पुंजानं मोटेचा नाडा सोडला नाही. नातवाचं नाव ऐकल्यावर फक्त विचारलं, "लहाना की थोरला?"

पुढच्या तपासणीला मोठ्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला. फरामजी मागून नाही नाही अशा खुणा करत होते.

"येते, साहेब," पुंजा म्हणाला. "रोज येते."

साहेबांनी त्याच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. त्यानंतर त्याला तो प्रश्न विचारणंही बंद झालं. जमकू इस्पितळाजवळच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडायच्या कामाला लागली ती लागलीच. गावात नवा भुवा झाला आहे, माता आता त्याच्या अंगात येते. पुंजाची गोष्ट निघाली की म्हातारीकोतारी हळहळतात आणि म्हणतात, "बिचारा. आधीपासूनच डोक्यानं जरा कमी होता. त्याची बायकोच सांगत होती."