पप्पांच्या देखत अर्धा पेला

गाडी चर्चसमोर उभी, डिकीत बॅगा कोंबलेल्या, आणि पप्पांची प्रार्थना काही संपेना. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी अख्खं आयर्लंड देवाच्या हवाली केलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं आमेन झालं. मग कानाशी येऊन म्हणाले, "बाई, तिकडं काय बी खा, पन पेल्याला शिवू नको. आपल्या घरातला एक गेलाय." तो एक म्हणजे माझे काका. दौंडला रेल्वेत होते, दारूनं गेले. त्यांना शेवटचं शिरूरला, आमच्या गावी, आणलं ते पप्पांनीच.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या पेल्यातसुद्धा दारू नसते. त्याऐवजी मम्मी आदल्या दिवशी मनुका उकळून रस फडक्यातून गाळायची. घरभर गोड वाफ. इथं आयर्लंडात, गॉलवेला, ड्यूटीवरून येऊन आडवी झाले की झोप लागता लागता तोच वास येतो. खिडकीखालची नदी तेवढ्यापुरती आपली शिरूरची घोडनदीच होते, आणि मी कुठं आहे हे मला नीट सांगता येत नाही.

त्याच मनुकांच्या भरवशावर मी इथल्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या पेल्यातून चांगला मोठा घोट घेतला. अगं बाई! खरी वाइन. घसा जळला, डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बाईला वाटलं, काय ही भक्ती! मी रडत होते भीतीनं, कारण मला ती आवडली होती. काकांचं रक्त माझ्यातही आहेच ना.

माझ्यासारख्या इकडं आलेल्या पोरींनो, थोडी घेतलेली तब्येतीला चांगली, असं मी म्हणणार नाही. नर्स आहे मी, वॉर्डात दारूनं पिवळे पडलेले डोळे रोज बघते. पण रविवारी जेवताना अर्धा पेला घेते. सकाळी पोहते, भाकरी थापते, वेळेवर झोपते, आणि मन खट्टू असेल त्या दिवशी बाटलीकडं फिरकत नाही. पप्पांना मात्र सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं तर?

गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पेला समोरच होता. का कोण जाणे, मी तो हलवला नाही. त्यांनी पाहिला. चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला.

"रोज घेती का?"

"नाही पप्पा. रविवारी, एवढीच."

"आन् बाटलीत उरती ती?"

"झाकण लावून ठेवते."

त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या काकानं बाटलीत कवा उरू दिलीच न्हाई गं." आणि रडले. मीही रडले. मग म्हणाले, "मला पटलं न्हाई, सांगून ठिवतो. पन लपवू नको. त्यो लपवायचा."

आता दर रविवारी त्याच वेळेला फोन येतो. आधी बोलणी बसतात, मग भाजी काय केली ते विचारतात. शेवटी म्हणतात, "लाव बरं झाकण." घर म्हटलं की मला आता तेवढंच दिसतं: मी झाकण फिरवेपर्यंत फोन न ठेवणारे पप्पा.